सणसरचा पाटकरी स्टॉकहोमात

झुंबरतात्या सणसरचे. कालव्यावर तीस वर्षं पाटकरी होते. म्हणजे कालव्याचं पाणी कुणाच्या उसाला कधी सुटणार आणि कधी बंद होणार, ते पाळीपाळीनं लावून देणारा माणूस. या कामात माणूस एकतर लबाड होतो, नाहीतर सगळ्यांच्या डोळ्यांत खुपतो. तात्या खुपणाऱ्यातले. सख्ख्या मेव्हण्यानं एकदा दुसऱ्याच्या पाळीत पाणी आपल्या रानात फिरवलं, तर तात्यांनी त्याच्याच हातानं ते परत फिरवायला लावलं. मेव्हणा दोन वर्षं बोलला नाही. बायको सिंधुबाई चार दिवस बोलल्या नाहीत. तात्यांना त्याचं फारसं काही वाटलं नाही.

असा माणूस निवृत्त झाल्यावर तीन महिन्यांसाठी स्टॉकहोमला गेला. मुलगा विशाल तिकडं नोकरीला. सून वृषालीलाही नुकतीच नोकरी लागली होती आणि दोन वर्षांच्या नातीला पाळणाघरात जागा मिळणार होती ती ऑक्टोबरात. तोवर पोरीला सांभाळायला घरचं माणूस हवं. खरं तर जायला हवं होतं सिंधुबाईंनी. पण त्यांच्या दोन म्हशी दुसऱ्या कुणाच्या हाताला पान्हवत नव्हत्या. म्हणून तात्या गेले.

घर भाड्याचं, पाच मजली जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. विशालनं आल्या आल्या सांगून टाकलं की हिरव्या मिरचीच्या ठेच्यावरून सोसायटीकडं एक तक्रार गेलेली आहे. दुसरी गेली तर घर सोडा, असं घरमालकानं बजावलंय. आणि घर गेलं की पाळणाघरातली जागाही गेली, कारण ती याच वस्तीतल्या लोकांना मिळते. तात्यांनी मान डोलावली आणि पंधरा दिवस ते घरातसुद्धा पावलं न वाजवता चालले.

मग एक दिवस विशालनं त्यांना तळघरात नेलं. तिथं सगळ्या इमारतीला मिळून कपडे धुण्याची दोन यंत्रं होती. भिंतीवर फळा, फळ्यावर तारखा आणि वेळा. प्रत्येक घराला नंबर घातलेलं एकच छोटं कुलूप. आपल्याला हव्या त्या वेळेच्या भोकात ते लावायचं, की ती पाळी आपली. तात्यांचा चेहरा खुलला. अख्ख्या युरोपात त्यांना न सांगता समजलेली ती पहिली गोष्ट होती. धुणं त्यांनी त्याच दिवशी स्वतःकडं घेतलं. गावी ज्या माणसानं कधी स्वतःचा टॉवेल पिळला नव्हता, तो इथं पोरीची झबली घड्या घालून कपाटात ठेवू लागला. सिंधुबाईंनी हे व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि विशालला फोन परत एकदा कपाटाकडं फिरवायला लावला.

ऑगस्टातल्या एका शनिवारी तात्यांची पाळी बाराची होती. त्याआधीची, दहाची, चौदा नंबरच्या घराची. पाटकऱ्याची सवय जात नाही. तात्या दहालाच खाली जाऊन बघून आले. यंत्रं रिकामी. सव्वादहाला गेले, तरी रिकामी. साडेदहाला ते बादली घेऊनच गेले. तळघराच्या बोळात दोन्हीकडं पाहिलं, कुणी नाही. आता कालव्याचा कायदा साधा आहे. पाणी कुणासाठी थांबत नाही. ज्याची पाळी तो बांधावर नसेल, तर पुढच्यानं घ्यायचं. पुढचे तात्याच होते. त्यांनी दोन्ही यंत्रं भरली आणि चालू केली.

वीसेक मिनिटांनी दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. पायाशी धुण्याची टोपली, एक हात दाराआड. तिनं यंत्रांकडं पाहिलं, फळ्याकडं पाहिलं, तात्यांकडं पाहिलं. मोबाईलनं फळ्याचा आणि यंत्रांचा फोटो काढला आणि ती गेली.

दुपारी दाराला चिठ्ठी लागली. विशालनं ती मोठ्यानं वाचून दाखवली. चौदा नंबरच्या बाईंची पाळी तुम्ही घेतली, सोमवारी त्या फोटो सोसायटीकडं देणार, असा मजकूर होता. वृषाली पोरीला घेऊन आत गेली. तात्यांना ते जास्त लागलं.

त्यांनी सिंधुबाईंना फोन लावला आणि सगळं सांगितलं. बाई बांधावर नव्हती, हेही दोनदा सांगितलं. सिंधुबाईंनी ऐकून घेतलं.

"कुणी दुसऱ्याचं पानी घेतलं, तर तुमी त्याला काय सांगत हुता?"

"ज्याचं घेतलं त्याच्या दारात जा म्हनायचो. त्यो कचेरीत जायच्या आदी."

"मग जावा की."

तात्यांनी टोपी घातली, चिठ्ठी घेतली, खुंटीवरचं कुलूप घेतलं आणि विशालला न सांगता निघाले. चौदा नंबर पाचव्या मजल्यावर होता. चौथ्या मजल्यावर तात्यांनाच धाप लागली. दार उघडलं तेव्हा म्हातारीचा एक हात काठीवर होता, गुडघ्याला जाड पट्टा होता आणि टोपलीला दोर बांधलेला होता. एकेक पायरी टोपली खाली सोडायची, मग आपण उतरायचं, असं ते काम. तात्यांना तिथं उभ्या उभ्या कळलं. ही बाई पाळीला वेळेवरच निघाली होती. आपण बोळात दोन्हीकडं पाहिलं, वर जिन्यात पाहिलं नाही. तीस वर्षांत कुणाची पाळी बुडू दिली नाही, आणि आज एका लंगड्या बाईची स्वतः बुडवली. त्यांना मनापासून लाज वाटली.

भाषा नव्हतीच. त्यांनी घरातलं एकुलतं एक कुलूप तिच्या हातावर ठेवलं आणि हात जोडले. बाईंनी कुलपाकडं पाहिलं. कुलूप दिलं म्हणजे या माणसाच्या घरात आता धुण्याला पाळीच उरली नाही, हे त्या इमारतीत चाळीस वर्षं काढलेल्या बाईला कुणी सांगायला नको होतं. तिनं चिठ्ठी मागून घेतली आणि चुरगाळून खिशात टाकली.

घरी विशाल चिडला. कुलूप घरमालकाचं, तात्या, असं काय करता, म्हणाला. आठवडाभर तात्यांनी नहाणीत पोरीचे कपडे हातानं धुतले. सोमवार गेला, मंगळवार गेला, घरमालकाचा फोन आला नाही. पुढच्या शनिवारी पावणेदहाला तात्या पाचव्या मजल्यावर जाऊन उभे राहिले आणि त्यांनी टोपली उचलली. बाईंनी त्यांचं कुलूप परत त्यांच्या हातात दिलं. मग एक जिना खाली तात्या, एक जिना मागं बाई, असं ते दोघं तळघरात पोचले. पुढचे सगळे शनिवार असेच गेले.

व्हिसा संपायला दोन दिवस उरले होते, तेव्हा शनिवार आला. तात्यांनी विशालला झोपेतून उठवलं आणि पाचव्या मजल्यावर नेलं. दारावरच्या पाटीवर बोट ठेवलं.

"काय नाव हाय हिचं, वाच."

"गुनिला."

"दोन वर्सं हितं ऱ्हातोस, आन् आज वाचलंस."

आतून काठीचा आवाज जवळ आला, दार उघडलं. तात्यांनी टोपली उचलली आणि विशालच्या हातात दिली.

"दर शनवारी, पावनेधाला," ते म्हणाले. "आन् जिन्यात हळू. तिच्या पायानं चालायचं."