गाडीचा भोंगा आणि माझी चप्पल

आमच्या ह्यांचे स्क्रूड्रायव्हर दिसला की हात शिवशिवतात. मिक्सर म्हणू नका, पंखा म्हणू नका, गीझर म्हणू नका, सगळं स्वतः उघडायचं आणि उरलेले स्क्रू वाटीत घालून कपाटावर ठेवायचे. गाडीचा अलार्म बिघडला, शेजारून मोटारसायकल गेली तरी कोकलायला लागला, तेव्हा मी बजावून सांगितलं होतं, "अहो, द्वारका चौकाजवळ तो अलार्म बसवून देणारा आहे ना, त्याच्याकडे टाका गाडी. सकाळी दिली की संध्याकाळी मिळते."

तर म्हणे, "चार वायरींसाठी माणूस कशाला? व्हिडिओत सगळं दाखवतात."

नवा अलार्म आणला आणि अख्खा रविवार डॅशबोर्डखाली डोकं घालून बसले. बॉनेटखालचा जुना भोंगा काही निघेना, बोल्ट गंजला होता. मग तोच ठेवून नव्या वायरी त्यालाच जोडल्या. संध्याकाळी रिमोट दाबून मला टुकटुक वाजवून दाखवलं, जसा काही गड जिंकला.

पुढच्या आठवड्यात आम्ही पेठ तालुक्याकडच्या एका गावी बाजाराला गेलो. पापडाला मला तिकडचीच नागली, म्हणजे नाचणी, लागते. पाच वर्षांची लेक मागच्या सीटवर झोपली होती, म्हणून हे गाडीपाशी थांबले आणि मी पिशवी घेऊन बाजारात शिरले. पर्स, मोबाईल, सगळं गाडीतच. त्या दिवसांत पोरं पळवणाऱ्या टोळीचे मेसेज सगळीकडे फिरत होते. एक तर मीच आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर टाकला होता.

मागाहून ह्यांनी सांगितलं ते असं. समोरच्या टपरीवर चहा घ्यायला गेले आणि सवयीने रिमोट दाबून गेले. परत आले तर रिमोट चालेना. किल्लीने दार उघडलं, तसा भोंगा सुरू. पोर दचकून उठली आणि जिवाच्या आकांताने रडायला लागली. तिला उचलून घ्यायचं सोडून हा बहाद्दर खिशातला कटर काढून डॅशबोर्डखाली शिरला आणि वायर कापली. भोंगा थांबेना. त्या भोंग्याच्या पोटात त्याची स्वतःची छोटी बॅटरी होती. वायर तोडली की त्याला वाटतं चोर आला, आणि तो आणखी बोंबलतो. बसवणाऱ्याला हे माहीत असतं. व्हिडिओवाल्याने सांगितलं नव्हतं.

आता बाहेरून बघा. परका माणूस, हातात कटर, लोंबणाऱ्या वायरी, मागे रडणारी पोर. कुणीतरी ओरडलं, "पोरगी पळवतोय!"

मी आवाजाच्या दिशेने धावले तोवर पाय धरून त्यांना बाहेर ओढलं होतं. शर्ट गळ्यापासून फाटला होता. एकजण तराजूच्या दांडीने पाठीत घालत होता, दुसरा पोटात लाथा मारत होता. प्रत्येक लाथेला त्यांच्या तोंडून हुंकार निघायचा. नाकातलं रक्त तोंडात उतरत होतं, ते काही सांगायला तोंड उघडत आणि उघड्या तोंडावरच बुक्की बसे. गाडीचं दार कुणीतरी आपटलं आणि ते लॉक झालं. आत लेक दोन्ही हातांनी काच बडवत होती. त्या भोंग्यात तिचं 'बाबा' कुणाला ऐकू जाणार?

"सोडा! नवरा आहे माझा!" मी किंचाळले.

"ही बी त्या टोळीतलीच! बाया बी असतात त्यांच्यात!"

कुणीतरी माझी वेणी धरून हिसडली. पिशवी फाटली, नागली चिखलात गेली. आणि मला दिसलं, एका तरुणाने दोन्ही हातांनी दगड उचलला होता. खाली ह्यांचं डोकं होतं.

युक्ती वगैरे काही सुचली नव्हती मला. लोक तसं म्हणतात, म्हणोत बापडे. मला आला तो फक्त संताप. पायातली चप्पल काढली, गर्दीत घुसले आणि ह्यांच्यावरच तुटून पडले. "मेल्या! मुडद्या! सांगितलं होतं ना माणूस बोलव म्हणून! द्वारकेला टाक म्हटलं होतं ना गाडी! मिक्सरची वाट लावलीस, गीझरची लावलीस, आता पोरीला अनाथ करतोस? घाल, आणखी घाल डोकं त्या वायरींत!" तोंडावर, डोक्यावर, हात चालेल तिथे मारत होते.

दोन्ही हातांनी डोकं झाकून ते रक्ताळल्या तोंडाने म्हणाले, "अगं, बोल्ट गंजला होता गं!"

गर्दीतली एक म्हातारी पुढे आली. "आरं थांबा! नवराच हाय तो तिचा. परक्याला कुणी असं बोलतं का?"

हात थांबले. कुणीतरी हसलंसुद्धा. माझा हात मात्र थांबत नव्हता, दोन बायकांनी मला धरून बाजूला केलं. दगडवाल्याने तराजूच्या दांडीने बॉनेट उचकटलं आणि त्याच दगडाने भोंगा ठेचला. मग एवढी शांतता झाली की लेकीचं रडणं सगळ्यांना ऐकू आलं. किल्ली चिखलात सापडली. दार उघडल्यावर मी हात पुढे केले, तर ती माझ्याकडे न येता बापाच्या फाटक्या शर्टाला जाऊन चिकटली.

दोन बरगड्या मोडल्या आणि एक दात गेला. जीव राहिला, देवाची कृपा. द्वारकेच्या माणसाने नवा अलार्म बसवून दिला. नातेवाइकांत हा किस्सा अजून रंगतो, बायकोने चपलेने नवरा वाचवला म्हणून. हे स्वतःच सगळ्यात जास्त रंगवून सांगतात.

परवा मी स्वयंपाकघरात आले तर मिक्सर पुन्हा उघडून बसलेले. मी ओरडले, "अहो, माणूस बोलवा म्हटलं ना!" तशी लेक चित्र टाकून धावत आली आणि दोन्ही हात पसरून बापाच्या पुढे उभी राहिली.

मी खाली बसले. म्हटलं, "पिल्लू, त्या दिवशी लोक बाबांना मारत होते ना? म्हणून आईने..."

"ते काका बाबांना ओळखत नव्हते," ती म्हणाली. "तू तर ओळखत होतीस ना?"