कागदाची पाठ वाचणारे माणिकराव

मेहकरच्या बाजारगल्लीत, कापडाच्या दुकानावरच्या माडीवर माणिकरावांचा टायपिंगचा वर्ग होता. उमेदीची वर्षं त्यांनी नागपूरच्या कचेरीत इंग्रजी टायपिंग करण्यात घालवली. पुढे डोळ्यांत मोतीबिंदू झाला. शस्त्रक्रिया बिघडली आणि उजेड तेवढा कळायचा, अक्षर कळेनासं झालं. नोकरी सुटली तसे ते गावी परतले. त्याच सुमारास नवं राज्य झालं, कचेऱ्यांचे कागद मराठीत होऊ लागले. माणिकरावांनी एक जुनं मराठी यंत्र मिळवलं, त्याच्या कळा नुसत्या बोटांनी पाठ केल्या आणि शिकवायला बसले.

सिंधू ही भाजीपाल्याची शेती करणाऱ्या रामरावांची मुलगी. मॅट्रिक झाल्यावर ती टायपिंग शिकायला आली, पण आंधळा माणूस टायपिंग काय शिकवणार, अशी शंका मनात धरूनच ती जिना चढली होती. वर्गात दोन-तीन महिने गेले तरी ती शंका पुरती गेली नव्हती.

एक दिवस एस.टी. स्टँडचे नारायणराव वर आले. गाड्यांचं वेळापत्रक आजवर इंग्रजीतच लागायचं. ते आता मराठीत हवं होतं. गाव, मार्ग, सुटण्याची वेळ, परतीची वेळ, सगळं एका कागदावर. माणिकरावांनी काम सिंधूच्या पुढ्यात ठेवलं.

ती हुरूपानं बसली. गावांच्या नावांतली अक्षरं मोजून तिनं रकान्यांच्या खुणा लावल्या. चिखली, लोणार, मोताळा अगदी सरळ उतरले. सिंदखेडराजा आला आणि नाव खुणेच्या पलीकडे गेलं. वेळ जाऊन बसली भलत्याच रकान्यात. तिनं कागद धरणारी कॅरेज मागे ओढून ती वेळ नीट केली, तर खालच्या ओळी वरच्यांशी जुळेनात. त्या सावरल्या, तर शेवटचा रकाना कागदाबाहेर निघाला. तिनं कागद बदलला, पुन्हा बदलला. टोपली चोळामोळा कागदांनी भरली आणि तिचे डोळे भरून आले.

"काऊन थांबली, सिंधू?" कोपऱ्यातून माणिकरावांनी विचारलं.

"गुरुजी, रकाने जाग्यावर राहूनच नाही राह्यले. एक सरळ केला का दुसरा वाकडा होते."

"आण इकडं तो कागद."

तिनं दिला. त्यांनी तो उलटा केला, मांडीवर पसरला आणि पाठीवरून बोटं फिरवू लागले. टाइपाच्या ठोक्यांनी कागदाच्या मागे बारीक उंचवटे उठले होते. बोटं वरून खाली हळूहळू उतरली आणि एका जागी थबकली.

"इथून बिघडलं. याच्या वरती रकाना सूत लावल्यावानी सरळ हाय. कोणतं गाव हाय हे?"

सिंधूनं वाकून पाहिलं. बोट सिंदखेडराजावर होतं. जो बिघाड तिनं डोळ्यांनी पाहिला होता, तो या माणसाला कागदाच्या पाठीवर नुसत्या बोटांनी सापडला होता.

"तू अक्षरं मोजली ना?"

"हाव."

"यंत्राले अक्षर समजत नाही, पोरी. त्याले ठोका समजते. मात्रा मारली, अनुस्वार मारला, तर कॅरेज जागची हलत नाही. पण ख मारला तर अर्धा ख अन् काना, दोन घरं जाते. ऐक."

ते यंत्राशी बसले आणि सिंदखेडराजा सावकाश टाइप केला. सिंधूनं डोळे मिटले. काही ठोक्यांबरोबर कॅरेजचा दात कट्‌कन पुढे सरकत होता. काही ठोके नुसतेच वाजून थांबत होते. रोज ती हेच करत होती. हाताला ठाऊक असलेली ही गोष्ट कानानं तिनं पहिल्यांदा ऐकली. एवढ्याशा नावात एवढी चाल दडलेली होती.

मग तिनं साऱ्या गावांचे ठोके मोजले. सगळ्यांत लांब नावापुढे पहिली खूण लावली, मार्जिन डावीकडे नेलं आणि नव्यानं सुरुवात केली. माणिकराव खुर्चीत मान किंचित कलती करून ऐकत होते. कागद निघाल्यावर तिनं तो स्वतःच उलटा करून त्यांच्या मांडीवर ठेवला. बोटं वरपासून खालपर्यंत कुठेही न अडता उतरली.

"जमलं," ते म्हणाले, आणि कागद परत देण्याआधी आणखी एकदा बोटं फिरवली.

वेळापत्रक काचेच्या चौकटीत लागलं त्या दिवशी सिंधू त्यांना हात धरून स्टँडवर घेऊन गेली. चौकटीपुढे गर्दी होती. कडूबा नावाचा एक म्हातारा, प्रौढांच्या वर्गात नुकताच अक्षरं शिकलेला, काचेवर बोट टेकवून मोठ्यानं वाचत होता. "लो-णार," तो म्हणाला. बोट आडवं सरकत वेळेच्या रकान्यावर गेलं. कुणाला न विचारता त्याला आपली गाडी सापडली. मग मागच्या बाईकडे वळला. "तुले कुठं जायचं, बाई? सांग, मी पाह्यतो."

माणिकरावांनी ते ऐकलं. सिंधूनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मान वर्गातल्यासारखीच किंचित कलती झाली होती.

पुढे सिंधू तालुक्याच्या कचेरीत टंकलेखक म्हणून लागली. माणिकराव गेल्यावर संध्याकाळचा वर्ग तिनंच चालवला. नवी मुलगी आली की पहिल्या दिवशी ती तिला यंत्राला हात लावू देत नसे. डोळे मिटून नुसते यंत्राचे ठोके ऐकायला बसवत असे.