डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं

माझा नवरा मिठागरावर मुकादम होता. दारूबंदीचा कायदा आला तरी खाडीकाठच्या हातभट्ट्या चालूच होत्या, आणि तो रोज पिऊन यायचा. एके वर्षी त्याचे डोळे पिवळे झाले, पोट फुगलं, म्हणून मी त्याला बैलगाडीत घालून पनवेलच्या डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी त्याच्या बरगडीखाली बोटं दाबून पाहिली आणि ते चिडलेच. "तीन वर्षांपूर्वी मी याला काय सांगितलं होतं? तेव्हा लिव्हरवर नुसती चरबी चढली होती. दारू सोडली असती तर ते पुन्हा चांगलं झालं असतं. पुढे सूज आली असणार. सूज सारखी राहिली की आत जखमेसारखे वण धरतात आणि लिव्हर घट्ट होत जातं. आता ते हाताला दगडासारखं लागतंय."

मी नवऱ्याकडे पाहिलं. "तुमी हितं येऊन गेलता? मला कंदी सांगितलं नाय!"

"तू पिऊ दिली नसतीस," तो खाली बघत म्हणाला.

माझ्या अंगाची लाही लाही झाली. तीन वर्षं मी त्याच्या पोटदुखीवर ओवा देत होते, नवस बोलत होते, आणि हा सगळं माहीत असून गप्प होता! डॉक्टरांसमोरच मी त्याला वाट्टेल ते बोलले.

त्यानंतर त्याने थेंबही घेतला नाही. तरी शिमग्याआधी तो गेला. शेजारणी म्हणाल्या, रड, मोकळी हो. मला रडू येईना. मला त्याच्याशी अजून भांडायचं होतं.