शेवटच्या खुर्चीपर्यंत

गाणाऱ्यांच्या गप्पा गाण्यांच्या असतात, माझ्या सगळ्या खोक्यांच्या. बडोद्यात इतकी वर्षं ऑर्केस्ट्राचं साउंड लावलं, की कुणाचंही नाव निघालं तर मला आधी आठवतं ते त्या दिवशी कुठला अ‍ॅम्प्लिफायर होता. असे किस्से माळ्यावरच्या भंगारासारखे साठत जातात. टाकवत नाहीत, आणि एक ओढायला गेलं की चार अंगावर येतात. बरेचसे मी लोकांना हसवायला सांगतो. मधूचे सांगतानाही लोक हसतात. मला मात्र त्या दिवशी घरी जाऊन जेवण जात नाही.

मधू शिर्के माझा शाळेपासूनचा मित्र. पणजोबा गायकवाडी पलटणीत होते, म्हणून घरात एक तलवार होती, आणि मधू मकरपुऱ्याच्या कारखान्यात टर्नर होता. "आमच्या घराण्याचं हत्यार आता लेथवर चढलंय," असं तोच म्हणायचा. तलवारीखाली त्याची हवाइयन गिटार टेकवलेली असे.

एकदा त्याने कुठल्याशा जुन्या इंग्रजी मासिकात पेडल स्टील गिटारचा फोटो पाहिला. टेबलासारखी चार पायांवर उभी, खाली पेडलं. पायाने दाबलं की तार ताणली जाते आणि सूर वाजता वाजता वर चढतो. बाहेरून मागवणं आमच्या बापजन्मी शक्य नव्हतं. मधूने ती बनवली. पट्ट्या कारखान्यातल्या भंगाराच्या, तारा ओढायला स्कूटरच्या क्लचच्या वायरी. वर्ष गेलं, पण वाजली.

पहिल्याच कार्यक्रमात एका गुजराती काकींनी स्टेजजवळ येऊन विचारलं, "भाई, आ सिलाईनो संचो छे?" म्हणजे, हे शिवणाचं मशीन आहे का?

मधू म्हणाला, "हा बेन. पण टांको देखातो नथी." टाका दिसत नाही, एवढंच.

*

आता खोक्यांकडे येतो. ह्या वाद्याची गोम अशी, की एक आवाजाचं पेडलही असतं. ते सुरुवातीला अर्धंच दाबायचं. सूर विरायला लागला की हळूहळू पाय पुढे न्यायचा, म्हणजे सूर मरत नाही, लांबत जातो. म्हणून अ‍ॅम्प्लिफायर असा लागतो, की जेवढी ताकद वापरतोय तेवढीच त्याने मागे झाकून ठेवली पाहिजे. नाहीतर ऐन शेवटी आवाज फाटतो. आणि मधूचा सगळा जीव त्या शेवटातच. सुराची ती शेपटी मांडवातल्या शेवटच्या खुर्चीपर्यंत स्वच्छ पोचली पाहिजे, एकदा तरी, एवढंच त्याला पाहिजे होतं.

त्या शेवटच्या खुर्चीवर तो शैलावहिनींना बसवायचा. पुढे जागा असली तरी वहिनी मागे. कार्यक्रम संपला की स्टेजमागे यायच्या, हातात दोन डबे, एक मधूचा आणि एक माझा. डबे उघडायच्या आधी रिपोर्ट. घडियाळी पोळ नावाच्या गल्लीतल्या माझ्या रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या दुकानात मीटर पुष्कळ होते, पण वहिनींइतका खरा एकही नव्हता. त्यांनी नवऱ्याची भीड कधी ठेवली नाही आणि माझी तर नाहीच.

पहिला अ‍ॅम्प्लिफायर मी मांडववाल्याचाच जोडला, भोंग्यासकट. म्हटलं, आवाज पोचल्याशी मतलब. पोचलाही असेल पार प्रतापनगरपर्यंत.

वहिनी आल्या आणि म्हणाल्या, "कुणाचं पोर हरवलंय का हो, भावोजी? मगाचपासून अनाउन्समेंट चाललीय."

*

दुसरा मी फतेगंजमधल्या एका कॉलेजच्या पोराकडून आणला. खास गिटारचा, चकचकीत, बटणं बघूनच माणूस खूश व्हावा. ते पोर रॉक वाजवायचं, त्याला आवाज फाटलेलाच लागायचा. त्या खोक्याचा गुणच तो. हे मला कळायला नको? साउंडवाला म्हणवतो स्वतःला. पण मी बटणांना भुललो.

आमचे ऑर्केस्ट्राचे मालक हर्षदभाई खूश. म्हणाले, "आ तो फॉरेन जेवुं लागे छे." म्हणजे अगदी फॉरेनसारखं वाटतंय.

वहिनींनी डबे खाली ठेवले. "सुरुवात छान होती. मग कुणीतरी भजी तळायला घेतली."

मधू हसला. मग मला बाजूला घेऊन म्हणाला, "दिल्या, पुढच्या वेळी माझ्यासाठी नको आणूस, सुरासाठी आण." बोलणं साधंच होतं, पण मला लागलं.

*

मग एक बेसचा अ‍ॅम्प्लिफायर मिळाला. पंधरा इंची स्पीकर, वजन एवढं की टेम्पोतून उतरवताना चौघांनी चौघांच्या आया काढल्या. मांजलपूरच्या एका सोसायटीत रिसेप्शन होतं. ताकद भरपूर, पण हूं हूं हूं असा सारखा घूं आवाज. अर्थिंग नाही. आमच्याकडे त्यावर एकच औषध: जमिनीत लोखंडी सळई ठोकायची, भोवती मीठ घालून बादलीभर पाणी ओतायचं.

मीठ कुठून आणणार? केटररच्या तंबूत पोतं होतं. मी अर्धं उचललं, कमी पडलं म्हणून उरलेलंही आणलं. घूं गेला. मधूने त्या दिवशी असं वाजवलं, की नवरीचे वडील पंगतीचं विसरून उभे राहिले. मला वाटलं, झालं काम!

वहिनी आल्या. डबा माझ्या हातात देत म्हणाल्या, "आवाज निम्म्यापर्यंत स्वच्छ होता. पुढे बूडबूड. आणि पंगतीतली दाळ अळणी होती."

केटरर मला तासभर शोधत होता. मी त्याच डब्यातलं जेवत होतो, टेम्पोमागे बसून.

*

त्यानंतर काळ बदलला. घरोघर केबल आली, दुकानात दुरुस्तीला टीव्ही येईनासे झाले, लोक जुना देऊन नवा घ्यायला लागले. मधूच्या कारखान्यात लेथ काढून कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं आली आणि पंचेचाळिशीत त्याला घरी बसवलं. तेव्हाच हर्षदभाईंनी जपानी कीबोर्ड आणला. शंभर वाद्यं एका पाटीत. त्यातलं एक बटण स्टील गिटारचं.

रिहर्सलला हर्षदभाईंनी ते मधूसमोरच दाबून दाखवलं. हर्षदभाई माणूस वाईट नव्हते. म्हणाले, "मधुभाई, खोटुं ना लगाडता." म्हणजे राग मानू नका.

मधूने मान तिरकी करून दोन-तीन सूर नीट ऐकले. म्हणाला, "सूर चांगला आहे, हर्षदभाई. पण ह्यातले सगळे सूर एकसारखे मरतात."

मी तेव्हा हसलो होतो. का हसलो, देव जाणे.

*

त्या हिवाळ्यात मी ठरवलं, आता आणायचा नाही, बनवायचा. आयुष्यात केलेलं हे एक बरं काम. रविवारी दुकान बंद ठेवून आम्ही दोघं बसायचो. ट्रान्सफॉर्मर मी दोनदा गुंडाळला, पहिला तापत होता. सागवानी खोकं मधूने केलं, कोपरे असे जुळवले की नख घुसणार नाही. पंधरा इंची स्पीकर टाकला आणि ताकद लागते त्याच्या तिप्पट ठेवली. मधू म्हणाला, "एवढी कधी लागणार?" मी म्हटलं, "लागू नये म्हणूनच ठेवायची. हे तूच शिकवलंस ना?"

तयार झाल्यावर दुकानातच लावला. मधूने एक सूर छेडला आणि पाय पुढे न्यायला लागला. सूर थांबेचना. समोरचा घड्याळवाला दुकान सोडून दारात आला आणि तसाच उभा राहिला. सूर विरून गेला. मग घड्याळवालाच म्हणाला, "पाछुं वगाडो ने." पुन्हा वाजवा.

मधूने डोळे पुसले नाहीत, चष्मा पुसला. म्हणाला, "आता शैलाला शेवटच्या खुर्चीवर बसवायचं."

*

तरसालीच्या मैदानावर कार्यक्रम होता. उघड्यावर, हजारभर खुर्च्या. असल्या ठिकाणी स्टेजवरचा अ‍ॅम्प्लिफायर फक्त वाजवणाऱ्याला आणि पुढच्या ओळीला ऐकू येतो. बाकी पब्लिकसाठी त्याच्यासमोर माइक ठेवायचा आणि तो माझ्या मिक्सरमधून मोठ्या स्पीकरांना द्यायचा. माइक मी स्वतः लावला, मधूला विचारून, बोटभर डावीकडे.

संध्याकाळी सुरू व्हायच्या आधी हर्षदभाई माझ्या टेबलापाशी आले. हळू आवाजात म्हणाले, "दिलीपभाई, मधुभाईनी लाइन बंध राखजो. कीबोर्डमां छे ज. बन्ने वागे तो गोटाळो थई जाय." म्हणजे मधूची लाइन बंद ठेवा; तो आवाज कीबोर्डमध्ये आहेच, दोन्ही वाजले तर गोंधळ होईल.

मी म्हटलं, "मग त्यांना बसवलंत कशाला?"

"स्टेज भरेलुं लागे ने. ने एमने पण सारुं लागे." स्टेज भरलेलं दिसतं, आणि त्यालाही बरं वाटतं.

पुढच्या नवरात्रातलं माझं साउंडचं काम त्यांच्याच हातात होतं, आणि दुकानात त्या महिन्यात दोन रेडिओ आणि एक मिक्सर आला होता, तोही चटणीचा. ही सबब आहे, मला माहीत आहे. मिक्सरवरची बाराव्या नंबरची पट्टी, मधूच्या माइकची, मी खाली ओढली आणि तीन तास वर केली नाही.

मधू डोळे मिटून वाजवत होता. पाय हळूहळू पुढे जात होता. खोकं त्याच्याकडे तोंड करून ठेवलेलं, त्याला सगळं ऐकू येत होतं, शेवटापर्यंत. मैदानाला कीबोर्ड ऐकू येत होता, आणि मैदान टाळ्या वाजवत होतं. प्रत्येक टाळीला मधू थोडा वाकून नमस्कार करत होता. मला दोन-तीनदा वाटलं, निदान एका गाण्यापुरती पट्टी वर करावी. हात पट्टीवर नेलाही होता.

संपल्यावर मधू उड्या मारतच माझ्याकडे आला. पंचेचाळिशी ओलांडलेला माणूस. माझे दोन्ही खांदे धरले. "दिल्या, आला. आज पहिल्यांदा साउंड आला! शेवटचा सूर ऐकलास ना?"

मी म्हटलं, "ऐकला."

तेवढ्यात वहिनी आल्या. हजार खुर्च्यांमागून चालत, हातात दोन डबे. मधू त्यांच्याकडे वळला. "शैला, पोचला का गं? खरं सांग."

वहिनींनी आधी माझ्याकडे बघितलं. मग मिक्सरकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मी केबल गुंडाळायला लागलो.

"पोचला," त्या म्हणाल्या. "एकेक सूर. अगदी माझ्या खुर्चीपर्यंत."

मग माझा डबा त्यांनी टेबलावर ठेवला, झाकण स्वतःच्या हाताने उघडून दिलं. म्हणाल्या, "घ्या भावोजी. गरम आहे तोवर खाऊन घ्या."