सुभेदारसाहेबांचा फेटा आणि माझी ओली बंडी

सन अठराशे चौसष्ट. मी तेव्हा एकतीस वर्षांचा होतो आणि मस्तीत होतो. लिहिणं हे माझं काम नाही. शाळेत दोन पावसाळे गेलो, तेवढीच अक्षरं. पण आमच्या गावात आजही लोक सांगतात, की सुभेदारसाहेबांनी माझ्या हातचा फेटा भर बाजारात झिडकारला. तसं झालं नाही. जे झालं ते मीच सांगणार.

सुभेदारसाहेब फौजेतून सुटून अकोल्यात येऊन राहिले होते. नर्मदेपलीकडच्या लढाईत उजवा हात कोपरापासून गेला, त्याबद्दल सरकारने छातीवर रुप्याचं पदक लावलं. दुसरा कुणी असता तर पेन्शन खात ओट्यावर बसला असता. हे कापसाच्या बाजारात, निंबाखालच्या दगडावर बसायचे. शेतकरी म्हणे, व्यापारी काटा मारतो. व्यापारी म्हणे, शेतकरी कापूस भिजवतो. त्या साली भाव असा चढला होता, की दोघंही खरंच बोलत. सुभेदारसाहेब उठत, डावा हात बंडीतल्या, म्हणजे बैलगाडीतल्या, कापसात खांद्यापर्यंत खुपसत आणि सांगत, ओला की कोरडा. त्यांचा शब्द दोन्हीकडचे मानत. बैलांना पाणी पाजायचा हौदही त्यांनीच बांधून घेतला होता.

त्याच्या दोन उन्हाळे आधी बाजारात मरी आली. मी गावी होतो, धाकटा भाऊ बंडी घेऊन गेला होता. तो बंडीखाली ओकत पडला आणि बाकीचे गाडीवान आपापले बैल जुंपून पळाले. सुभेदारसाहेबांनी एका हाताने त्याला पाठीवर घेतलं, घरी नेलं, चार दिवस पेज पाजली. भाऊ जगला. म्हणून बाजाराने जेव्हा ठरवलं, की सुभेदारसाहेबांना मानाचा फेटा बांधायचा, तेव्हा बांधणारा मीच, हेही ठरलं.

आता माझी अक्कल पाहा. भातकुलीचा माझा साडभाऊ, बायकोच्या बहिणीचा नवरा, फेट्याच्याच दिवशी अकोल्यात येणार होता. एका लग्नाच्या पंगतीत आमची जुंपली होती, की काट्यावर कोणाची बंडी भारी ठरते. मी कापूस भरला, बैल जुंपले आणि निघता निघता दोन घागरी पाणी आत मारलं.

बायको दारातून म्हणाली, "अवो, आज त्याइले फेटा बांधाले चालले ना तुमी?"

"तू चूप राय. फेटा येगळा, बंडी येगळी."

बाळापूरच्या वाटेने येताना तेच बोलणं कानात भुणभुणत राहिलं. आधी फेटा, मग वजन, असं ठरलं होतं. बाजारात पोचल्यावर मी बंडी उन्हात लावली. म्हटलं, वाळेल. पण बसवेना. उठलो, तरट उचललं, हात घातला. ओलाच. परत येऊन बसलो. पुन्हा उठलो. साडभाऊ तंबाखू मळत माझ्या येरझारा पाहत होता.

"काहून हो साडभाऊ, बंडीत वासरू ठेवलं का? सारखे पाहून येऊन राहिले!"

"तुमची बंडी पाहा तुमी."

"माही काय पाहाची? ते तं आत्तापासूनच रडून राहिली, तुमच्या बंडीच्या भेवानं!"

लोक हसले. मी पाचव्यांदा गेलो. तेवढ्यात मला हाक आली.

सुभेदारसाहेब पदक लावून, पाठ ताठ करून दगडावर बसले होते. फेटा बांधताना एक टोक बांधून घेणाऱ्याने धरायचं असतं. त्यांच्या एकुलत्या हातात आम्ही नारळ दिला होता, म्हणून त्यांनी ते टोक दातांत धरलं. मी वेढे घ्यायला लागलो. तिसऱ्या वेढ्याला त्यांची नजर माझ्या बोटांवर आली. कोरडा कापूस फुंकरीने उडतो, ओला चिकटून बसतो. माझ्या नखांत, मनगटावर, पार बाहीपर्यंत पांढरे धागे चिकटले होते.

त्यांनी टोक सोडलं. फेटा सुटून खांद्यावर आला.

"अरे बाप्पा!" साडभाऊ ओरडला. "याइले साधा फेटाबी बांधता येत नाही!"

सगळे हसले. सुभेदारसाहेब हसले नाहीत. मला एकट्याला ऐकू जाईल इतक्या हळू त्यांनी विचारलं, "भाऊ कसा हाय तुहा?"

"बरा हाय."

"आन् बंडी?"

कोरडी म्हणालो असतो तर त्या दिवशी कोणी तपासली नसती. त्यांचा मानाचा दिवस होता. मी आजवर कोणापुढे मान खाली घातली नाही, तेव्हाही घातली नाही. पण भावाबद्दल विचारल्यावर जीभ खोटं बोलायला वळेना. मी बाजाराकडे तोंड करून मोठ्याने म्हणालो, "माही बंडी ओली हाय. मीच पाणी मारलं."

साडभाऊचा तंबाखू तळहातावरच राहिला.

सुभेदारसाहेबांनी नारळ खाली ठेवला. फेटा छातीशी धरून एका हाताने त्याची घडी घातली आणि ती माझ्या हातात दिली. "कापूस वाळू दे, मंग बांध. मी तं रोज अठीच बसतो."

एका व्यापाऱ्याने पुढे होऊन म्हटलं, "सुभेदारसाहेब, आम्ही बांधतो की."

"नाही. बांधीन तं हाच बांधीन."

हे शब्द ऐकणारे दहा-बारा जण तरी होते. झिडकारला म्हणणाऱ्यांनी ते ध्यानात ठेवावं.

दुसऱ्या दिवशी सकाळी, गवतावरचं दहिवर वाळल्यावर, मी त्यांच्या दगडासमोर तरट अंथरलं, बंडी रिकामी केली आणि सगळ्या बाजारादेखत कापूस उलथापालथा करत बसलो. साडभाऊची कालची राहिलेली बंडी काट्यावर गेली. मी तिकडे मान वळवली नाही. फेटा मांडीवर होता, आणि हात लावायच्या आधी मी दर वेळी बोटं धोतराला पुसून घेत होतो.