थेमेलिनाची डुलकी

ग्रीसच्या कालिम्नोस बेटावर पाणबुड्याची बायको होणं म्हणजे काय, हे थेमेलिनाला लग्नानंतर दुसऱ्याच उन्हाळ्यात कळलं. समुद्राच्या तळाचे स्पंज काढायला आफ्रिकेच्या किनाऱ्याकडे गेलेला तिचा नवरा साकेलारिस जिवंत परतला, पण कमरेखालून लुळा. खोल पाण्यातून घाईघाईनं वर आल्यानं रक्तात हवेचे बुडबुडे धरले होते. तेव्हापासून त्याला उचलणं, कुशीवर वळवणं, न्हाऊ घालणं, सगळं तिच्याच अंगावर पडलं. त्याला आपल्या अंगाला दुसऱ्या कुणाचा हात लागलेला खपत नसे. त्यात तिचं तरुणपण सरलं, आता पाठही गेली.

गावच्या संग्रहालयात पाणबुड्यांचं नवं दालन उघडलं, तसा त्यानं धोशाच लावला.

"चल ना गं, आज तरी."

"तुला काय जातंय म्हणायला? चढ माझ्या वाट्याला!" असं म्हणत तिनं त्याची चाकांची खुर्ची ढकलत ढकलत वर नेली. दोनदा भिंतीला टेकली.

दालनात काचेच्या पेटीत पाणबुड्यांचा जुना पोशाख उभा होता. रबरी कापड, शिशाचे बूट, वर पितळी शिरस्त्राण. साकेलारिस त्याच्याकडे बघत राहिला. दालनाची देखरेख करणारी पोथिती जवळ आली.

"काका, तुम्हीही घालायचात?"

"घालायचो. आत गेलं की आपलाच श्वास ऐकू यायचा, दुसरं काही नाही." मग तो मान वळवून म्हणाला, "थेमेलिना, हे बघ, इथून हवा…"

थेमेलिना भिंतीलगतच्या बाकावर झोपली होती. तोंड उघडं, रुमाल मानेवर घसरलेला, पायातला एक बूट निसटलेला. रात्री तिला कितीदा उठवलं होतं, त्याला आठवेना. ती हाक ऐकून उठते, एवढंच त्याला ठाऊक होतं. ती झोपलेली कशी दिसते, हे मात्र तो आज बघत होता.

तेवढ्यात जर्मन प्रवाशांचा घोळका बोलत आत शिरला. साकेलारिसनं ओठांवर बोट ठेवलं. माणसं वरमली, चवड्यांवर चालत बाहेर पडली.

संग्रहालय दुपारचं बंद करायची वेळ झाली. पोथिती किल्ल्या घेऊन आली. "काका, काकूंना उठवू?"

"नको गं पोरी. तू जेवायला जा, बाहेरून कुलूप लाव हवं तर. पळून जाणाऱ्यातला नाही मी."

पोथिती गेली नाही. तिनं खिडक्या ओढून घेतल्या नि दाराशीच आपला डबा उघडला.

थेमेलिना दचकून जागी झाली तेव्हा खिडकीच्या फटीतली उन्हाची तिरीप पार समोरच्या भिंतीवर गेली होती. "अगं बाई! हाक का नाही मारलीस? बघून झालं का तुझं?"

"झालं. किती घोरतेस गं तू!"

"घोरेन नाहीतर काय!" ती बूट चाचपत म्हणाली.

उतारावर ती खुर्ची मागे खेचून धरत चालली होती. बेकरीच्या वळणावर तो पुढे बघतच म्हणाला, "तुझ्या बहिणीची ती पोर आहे ना, तिला म्हणावं, रात्रीची येत जा. तिनं उचललं तरी चालेल मला."

थेमेलिना थांबली. खुर्चीचे दांडे पुन्हा नीट धरले आणि हळूहळू उतरू लागली.