फटफटीच्या बदल्यात अर्ज

ती फटफटी माझ्या मामाच्या गोठ्यात आठ वर्षे पडून होती. हैदराबाद संस्थानातल्या पोलीस ॲक्शननंतर लष्कराचे भंगार लिलावात निघाले तेव्हा मामाने ती विहिरीचे पाणी ओढायला घेतली होती. गाडी मोडायची आणि इंजिन पंपाला जोडायचे, असा त्याचा बेत होता. पंप आलाच नाही. कोंबड्या सीटवर अंडी घालू लागल्या. मी मागितली तेव्हा मामा म्हणाला, "ने बाबा. कोंबड्यांला दुसरी जागा बघतो."

मला ती फटफटी पत्रके वाटायला हवी होती. आमच्या चळवळीचे पत्रक परभणीत छापले जायचे आणि परभणीतच वाचले जायचे. पेडगावपर्यंत मी सायकलने नेत असे, जिंतूरकडची गावे राहूनच जात. दोन वर्षे सायकल मारून तेविसाव्या वर्षी माझे गुडघे दुखू लागले होते. फटफटी आली की जिल्हा हलवून सोडू, असे मी मित्रांना सांगून ठेवले होते.

बैलगाडीतून ती अंगणात उतरली तेव्हा आई पापड वाळत घालत होती. तिने एकदा फटफटीकडे पाहिले, एकदा माझ्याकडे.

"हे काय आणलास?"

"फटफटी आहे, आई."

"दिसायलंय मला. चालती का?"

"चालेल."

"तू बी असंच म्हणतूस दर साली," आई म्हणाली आणि पापडाची चादर लांब ओढून घेतली.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक मिस्त्री राहायचे. जुन्या राजवटीत सरकारी मोटारखान्यात वीस वर्षे फिटर होते. ॲक्शननंतरच्या धामधुमीत ती नोकरी सुटली. मग स्टोव्ह, शिलाईची यंत्रे, सायकली, जे येईल ते दुरुस्त करत. मी त्यांना चाचा म्हणे. ते मला लीडर म्हणत, आणि त्यात कौतुक थोडे, टिंगल जास्त असे.

चाचांनी टाकीवरची धूळ पुसली, इंजिनाभोवती दोन चकरा मारल्या. "हिला न्हाई, पण हिच्या बहिणींना मी लय ओळखतो," ते म्हणाले. "पैसा हाय का तुझ्याकडं?"

"नाही."

"माझ्याकडं बी लिवायची मराठी न्हाई."

राज्यांची नवी रचना होऊन आम्ही मुंबई राज्यात गेलो होतो. कचेऱ्यांचा कारभार मराठीत होऊ लागला होता. बसगाड्यांच्या डेपोत फिटर घ्यायचे होते आणि अर्ज मराठीत करायचा होता. चाचांची सगळी सर्टिफिकिटे उर्दूत होती. "मी तुझी गाडी चालती करतो," ते म्हणाले, "तू माझा अर्ज चालता कर."

जागा मिळाली नाही तर त्यांना हैदराबादला मुलीकडे जावे लागणार होते. डोळे अधू होत चालले होते, बारीक कामे जमत नव्हती, घरात दुसरे कोणी नव्हते. "पोरगी नेक हाय. जावई बी वाईट न्हाई," ते पान्याने नट फिरवत म्हणाले. "पण त्याच्या दारात बसून मी काय करू? पोरांच्या पतंगाला मांजा लावू? मोठं इंजिन मला अजून कानानं कळतंय, लीडर. डेपोत दहा वर्षं काढीन."

रोज दुपारी आम्ही कामाला लागायचो. गंजलेले नट रॉकेलमध्ये भिजत ठेवायचे, दुसऱ्या दिवशी सोडवायचे. निम्मे सुटत, निम्मे तुटत. माझ्याकडे रद्दीतून मिळालेले एक विलायती मासिक होते. लढाईवरून परतलेले अमेरिकन शिपाई जुन्या गाड्यांचे मडगार्ड कापतात, जड सामान काढून टाकतात आणि अशा गाडीला बॉबर म्हणतात, असे त्यात चित्रासह छापले होते. मी ते चाचांना दाखवले.

"अमेरिकेत चिखल हाय का?" त्यांनी विचारले.

"असेल."

"आपल्यासारखा नसंल. आपली काळी माती मडगार्डात बसली की चाक जाम. मग बैल जोडून ओढा. कापायचंच हाय. नाव काय ठेवायचं ते ठेव."

पुढचे मडगार्ड पूर्ण काढले, मागचे आरीने अर्धे कापले आणि धार कानशीने घासून बोथट केली. लोखंडी कॅरिअर, चामडी पेट्यांच्या कड्या, जड स्टँड, मागची सीट, सगळे निघाले. मागची सीट काढताना चाचांनी एकदा विचारले, "कुणाला बसवायचं न्हाई ना?" मी म्हणालो, लढणारा माणूस एकटाच असतो. ते हसले आणि नट सोडवला.

सायलेन्सरवरून मात्र भांडण झाले. मला तोही आखूड करायचा होता. आवाज गावभर गेला पाहिजे, लोक घराबाहेर आले पाहिजेत. चाचांनी आरी खाली ठेवली.

"गावात फटफटीचा आवाज आला की ॲक्शनच्या सालची फौज आठवून बाया अजून दारं लावून घेतात. ठाऊक हाय न्हवं? लोक दाराआड बसले तर तुझा कागद कोण वाचंल?"

सायलेन्सर तसाच राहिला.

अर्ज मी एका बैठकीत लिहिला. इथे एक कबूल केले पाहिजे. आमच्या वेळी चौथीनंतर शाळा उर्दूत होती. मराठी मी शिकलो ती वडिलांनी ज्वारीच्या कणगीत लपवलेल्या पत्रकांवरून. त्यामुळे मराठी लिहायला बसलो की हात आपोआप वळत असे तो 'बंधूंनो' आणि 'धिक्कार असो' यांच्याकडे. साधे मराठी मला बोलता येत होते. लिहिता येत नव्हते, आणि हे मला माहीत नव्हते. अर्ज साडेतीन पाने झाला. श्रमिकाच्या घामापासून सुरुवात होती, मधे जुन्या राजवटीचा पंचनामा होता, नव्या राजवटीला सात प्रश्न होते. चाचांचे नाव, वय आणि त्यांना इंजिन उघडता येते ही गोष्ट शेवटच्या पानावर खाली आली.

मी तो अंगणात उभा राहून वाचून दाखवला. आईने शेंगा निवडायच्या थांबवल्या. चाचा मान खाली घालून ऐकत होते.

"वजनदार हाय," ते म्हणाले. "यात मी नोकरी मागायलोय ना?"

"मागत नाही चाचा. हक्क सांगतोय."

"हक्क सांगितला तर देतील?"

"द्यावाच लागेल."

त्यांनी खाली उर्दूत सही केली. हात नीट पुसून केली, कागदाला डाग लागू नये म्हणून.

महिनाभराने फटफटी सुरू झाली. चाचांनी किक मारली, धूर झाला, आईचा खोकला झाला, आणि इंजिन लागले. डेपोकडून काहीच कळले नव्हते म्हणून आम्ही त्याच दिवशी विचारायला निघालो. मी फटफटीवर. चाचा पायी, कारण बसायला जागा नव्हती. मी पुढे जायचो, थांबायचो, ते आले की पुन्हा पुढे. तिसऱ्यांदा थांबलो तेव्हा ते म्हणाले, "जा तू. असं थांबून थांबून प्लग काळा करशील." मी पुढे गेलो.

डेपोतला कारकून अर्जाचे नाव काढताच खुलला. "तुम्ही लिहिलंत ते? अहो, दोन पानं मी सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवली. काय भाषा आहे!"

"मग फिटरच्या जागेचं काय?"

"कोणाच्या?"

"त्यांच्याच. ज्यांचा अर्ज आहे."

तो गोंधळला. "तो अर्ज होता? मी तक्रार समजून तक्रारींच्या गठ्ठ्यात लावला. तो गठ्ठा मागच्या महिन्यात वर गेला. जागा तर परवाच भरल्या."

"शेवटच्या पानावर लिहिलं होतं."

"तिथवर कोण जातं हो?" तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात खोट नव्हती. त्याला खरेच वाईट वाटले असावे, कारण त्याने मला बसायला स्टूल दिले. पुन्हा जागा कधी निघतील ते त्याला माहीत नव्हते.

बाहेर आलो तेव्हा चाचा पोचले होते. फटफटीशेजारी उकिडवे बसून साखळीचा ताण बघत होते. त्यांनी वर पाहिले.

"जागा भरल्या," मी म्हणालो. "सगळं आधीच ठरलेलं असतं चाचा. ही व्यवस्थाच सडलेली आहे."

हे वाक्य तोंडातून इतके सहज बाहेर आले की मलाच शरम वाटली. इतकी वर्षे मी लोकांना सत्य सांगत फिरलो होतो. चाचा मलाच धीर देऊ लागले. "जाऊ दे. तुझी काय गलती? तू तर लय लिवलास." ते ऐकवेना. तिथेच, डेपोच्या फाटकात, मी त्यांना कारकून काय म्हणाला ते सांगितले.

ते साखळी सोडून उठले. कपाळावरचा घाम पुसला.

"तुझी गाडी मी माझ्या मनासारखी बनवली का? मला विचारशील तर मी हिची एक सीट बी काढली नसती. तुला जसं लागतंय तसं बनवलो. तू माझ्यासाठी लिवलासच न्हाई. तुझ्यासाठी लिवलास."

मी नवा अर्ज लिहितो म्हणालो. ते "लिही" म्हणाले आणि चालू लागले. मी फटफटी सुरू केली नाही, ढकलत त्यांच्या मागे चाललो. अंतर राखून, कारण बरोबर चालायची हिंमत नव्हती. हलकी केली म्हणून ती कितीही मिरवली, तरी ढकलताना तिचे वजन कळत होते.

दुसऱ्या दिवशी ते सांगतील तेवढेच लिहिले. नाव, वय, वीस वर्षे काम, कोणकोणती इंजिने उघडून जोडली. 'अन्यायाने' हा शब्द मी मधे घातला होता. त्यांनी वाचायला लावले आणि काढायला लावला. कारकुनाने अर्ज ठेवून घेतला, बरोबर गठ्ठ्यात लावला. दोन महिने जागा निघाली नाही. चाचांना सुईत दोरा ओवता येईना. हत्यारांची पेटी विकली नाही, बरोबर घेतली, आणि ते हैदराबादच्या गाडीत बसले.

स्टेशनवर मी म्हणालो, पत्र लिहीन.

"उर्दूत लिही," ते म्हणाले. "मोठ्या अक्षरात. जावयाकडून वाचून घ्यायची पाळी आणू नको."

ॲक्शननंतर मी उर्दूचे एक अक्षर लिहिले नव्हते. मुद्दाम. ती राज्यकर्त्यांची भाषा, असे मीच एका पत्रकात लिहिले होते. फटफटीवरून मी पुष्कळ गावे फिरलो आहे, चिखलात ती खरेच अडत नाही. पत्रके वाटतो, लोक घेतात, घडी करून खिशात ठेवतात. जिल्हा हलला नाही. मी मात्र दमतो. घरी आलो की आई पाण्याचा तांब्या समोर ठेवते.

गेल्या आठवड्यात पत्र लिहायला बसलो. बोरूने, मोठ्या अक्षरात, उजवीकडून. हात अडखळत होता, अक्षरांची टिंबे, नुक्ते, चुकत होते. प्रकृतीची विचारपूस नंतर केली. आधी विचारले, चढावर क्लच घसरतो आहे, इंजिन ओरडते पण गाडी ओढत नाही, प्लेटी बदलू की नुसता ताण वाढवू, सविस्तर कळवा, तोवर मी हात लावत नाही.